दंड भरण्यापूर्वी

टॅटू काढायचा म्हटलं की पूर्वी घरात एकच प्रश्न यायचा : ‘कशाला?’ तो विचारून होईपर्यंत टॅटूचा विषयही संपलेला असायचा. आता ‘कशाला’ विचारणारी पिढी मोबाइलवर सुप्रभाताची फुलं पाठवण्यात गुंतली आहे आणि प्रश्न थेट ‘कुठल्या स्टाइलमध्ये?’ असा येतो. माणूस अडकतो तो इथेच. टॅटू काढायला हिंमत लागते, आणि ती एखाद्या शनिवारी संध्याकाळी येऊन जातेही. पण कुठला काढायचा आणि कोणाकडून, हे ठरवायला अभिरुची लागते. ती आपल्याकडे आहे असा आपला समज असतो, आणि आजवर कातडीवर परीक्षा द्यायची वेळ न आल्यामुळे तो टिकूनही असतो.

माझ्या भाचीनं हातावर प्राजक्त काढायचं ठरवलं आणि सल्लागार म्हणून मला नेमलं. माझी पात्रता एवढीच, की मामा लोक ‘नाही’ म्हणत नाहीत. ‘आईला सांगू नकोस’ ही नेमणुकीची अट होती. ताईला ते त्याच संध्याकाळी कळलं, कारण भाचीनं प्राजक्ताचे फोटो चुकून घरच्या ग्रुपवर टाकले आणि ताईनं त्याला ‘छान रांगोळी’ असं उत्तर दिलं. गैरसमज दूर झाल्यावर दोन दिवस घरात शांतता होती.

आमच्या आजीला असला काही ताप नव्हता. तिच्या हातावर तुळशीवृंदावन, त्याच्या दोन्ही अंगांना ठिपके, कपाळावर एक ठिपका आणि हनुवटीवर एक. यातलं काहीही तिनं निवडलेलं नव्हतं. जत्रेत गोंदणारीण बसली होती, तिला जे येत होतं ते तिनं काढलं. आत्यांनी हात धरून ठेवले आणि रडायला लागल्यावर तोंडात गुळाचा खडा कोंबला. मेल्यावर बाकीचे दागिने उतरवून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, अशी समजूत असल्यामुळे ‘कशाला’चं उत्तरही आधीच तयार होतं. गंमत अशी, की आज स्टुडिओच्या दरपत्रकात आजीचा तो हात तीन वेगवेगळ्या ओळींत सापडतो : ‘डॉटवर्क’, ‘मिनिमल’ आणि ‘हँडपोक’. यातला शेवटचा प्रकार म्हणजे मशीन न लावता नुसत्या सुईनं टोचून काढायचं, आणि वेळ फार जातो म्हणून पैसे जास्त घ्यायचे. हे आजीला कळलं असतं तर तिनं गोंदणारणीला दिलेल्या जोंधळ्याचा हिशेब पुन्हा मांडला असता, आणि फायद्यात असल्याचं बघून कोणाला सांगितलंही नसतं.

तर स्टाइल. पहिली भेटते ती ‘ओल्ड स्कूल’. जाड काळी रेघ, आत लाल, हिरवा, पिवळा असे मोजके रंग. विषय म्हणजे गुलाब, पाकोळी, खंजीर, बोटभर कपड्यातली बाई आणि जहाजाचा नांगर. ही खलाशांची शैली. होनोलुलूच्या बंदरात ‘सेलर जेरी’ नावानं प्रसिद्ध असलेल्या नॉर्मन कॉलिन्सनं तिला मोठं केलं. जाड रेघेमागे व्यवहार आहे. शाई वर्षानुवर्षं कातडीत किंचित पसरत जाते, आणि रेघ मुळातच ठळक असेल तर पन्नाशीतही गुलाबाचा कोबी होत नाही. माझ्या मते सगळ्यांत शहाणी शैली हीच. पण आमचे मेव्हणे शेतकरी घराण्यातले. त्यांनी ‘नांगर’ हा शब्द ऐकला आणि ‘मग बैलजोडी दुसऱ्या दंडावर घ्या’ म्हणून विषय बंद केला.

दुसरी जपानी. ड्रॅगन, लाटा, कोई मासा. हे मनगटाच्या कोपऱ्यात मावत नाही. त्याला अख्खा हात किंवा सबंध पाठ द्यावी लागते आणि महिनोन्‌महिने हप्त्याहप्त्यानं टोचून घ्यावं लागतं. खुद्द जपानमध्ये 1872 ते 1948 गोंदण्यावर बंदी होती, आणि आजही तिथल्या बऱ्याच गरम पाण्याच्या कुंडांवर टॅटूवाल्यांना आत घेत नाहीत. पण बंदी आपल्या माणसांना, पाहुण्यांना नाही. 1881 साली इंग्लंडचा एक तरुण राजपुत्र नौदलाच्या जहाजातून जपानला गेला आणि हातावर ड्रॅगन काढून घेऊन आला. तोच पुढे पंचम जॉर्ज झाला. म्हणजे ज्याच्या आगमनाची आठवण म्हणून आपण गेटवे ऑफ इंडिया बांधला, ज्याच्यासमोर संस्थानिक वाकले, त्याच्या जरीच्या बाहीखाली जपानी ड्रॅगन होता. त्याचे वडील सातवे एडवर्ड राजपुत्र असताना, 1862 साली, जेरुसलेमहून हातावर क्रूस गोंदवून आले होते. एकाच घरात दोन पिढ्या, आणि घरी वाट बघत बसलेली व्हिक्टोरिया राणी. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न तिथे कोणी कोणाला आणि कुठल्या भाषेत विचारला असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

‘रिअलिझम’ म्हणजे हुबेहूब चेहरा. यात जोखीम मोठी. नाक सुईच्या टोकाएवढं सरकलं तरी वडील काढायला सांगावेत आणि काका यावेत, असं होतं. आणि काकांशी जमिनीचा वाद चालू असेल तर ते दंडावर घेऊन तारखेला कसं जायचं? ‘ट्रायबल’ची लाट नव्वदच्या दशकात येऊन गेली. ती अंगावर घेतलेले लोक आता जिमऐवजी फिजिओथेरपीला भेटतात. ‘फाइन लाइन’ सध्या जोरात आहे : केसासारखी बारीक रेघ, काढल्या दिवशी फार देखणी. बोटांवर आणि तळव्याच्या कडेला मात्र ती टिकत नाही. दोनचार उन्हाळ्यांत हातावर पेन घासल्यासारखं दिसायला लागतं.

भाचीचं मन बसलं होतं ‘वॉटरकलर’वर. म्हणजे बाह्यरेषा नाही, नुसते रंगाचे हलके ओघळ. तिच्या मोबाइलमधल्या चित्रात प्राजक्ताचं पांढरं फूल गुलाबी-पिवळ्या धुक्यात तरंगत होतं. पण ते चित्र ज्या हातावर होतं तो नॉर्वेकडचा असावा. शाई जाते ती कातडीच्या वरच्या थराखाली, साधारण दीड-दोन मिलिमीटर खोल. म्हणजे तिचा रंग आपल्याला दिसतो तो वरच्या थरातून, आणि वरच्या थरात आपला गहू किंवा गव्हाळपणा असतो. पांढरा, फिकट पिवळा, बेबी पिंक हे त्यातून येता येता दमतात. काळा, गडद लाल, गडद निळा टिकतात. टॅटूवाल्यांना हे पाठ असतं, गिऱ्हाइकाला नसतं, आणि चित्रांच्या ॲपला आपण राहतो कुठे याच्याशी देणंघेणं नसतं.

अक्षरांच्या टॅटूवर मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे आपण मराठी माणसं सामुदायिकरीत्या धोक्यात आहोत. ज्या राज्यात निम्म्या टेम्पोंच्या मागे ‘आर्शिवाद’ लिहिलेलं असतं, तिथे आईवडिलांचा आशीर्वाद छातीवर कायमचा गोंदवून घेणं हे धाडस आहे. टेम्पो पुन्हा रंगवता येतो. कलाकार ओडिशाचा किंवा मणिपूरचा असेल तर तो तुम्ही दिलेला मजकूर चित्र म्हणून उतरवणार, भाषा म्हणून नव्हे; तो रफार जिथे दिसेल तिथेच देईल. त्यात संगणकाची भर. टाइप केलेली देवनागरी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात चिकटवली की कधी कधी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून वेगळी होतात. ‘शक्ती’ची ‘शक्‌ती’ झालेली असते. ती तशीच स्टेन्सिलवर, स्टेन्सिलवरून दंडावर, आणि दंडावरून लग्नाच्या अल्बममध्ये जाते. म्हणून मजकूर हातानं, ठसठशीत लिहून न्यावा आणि घरातल्या शुद्धलेखनवाल्या आत्याला दाखवावा. प्रत्येक घरात ती असते. आजवर तिच्या गुणाचं चीज झालेलं नसतं.

डेव्हिड बेकहॅमच्या बाबतीत उलटा अन्याय झाला. त्यानं बायकोचं नाव देवनागरीत हातावर काढून घेतलं आणि जगभर बोंब झाली की त्यात एक ‘ह’ जास्त पडला, स्पेलिंग चुकलं. हातावर आहे ‘व्हिक्टोरिया’. हिंदीवाले हळहळले. पण आपण व्हॅन, व्हरांडा, व्हायोलिन आणि व्हिक्टोरिया टर्मिनस पिढ्यान्‌पिढ्या असंच लिहीत आलो. तो टॅटू शुद्ध मराठीत आहे. दादरच्या कुठल्याही प्रूफरीडरनं तो एकही खूण न करता पास केला असता, आणि ही गोष्ट बेकहॅमला कोणी तरी कळवायला हवी होती.

राजमुद्रा हे दुसरं प्रकरण. मुद्रा अष्टकोनी, आत संस्कृत श्लोक. हौशी तरुण येतो आणि ती मनगटावर, नाण्याच्या आकारात मागतो. ज्याला धंदा कळतो तो कलाकार त्याला सांगतो की एवढी लहान अक्षरं काही वर्षांत एकमेकांत मिसळतील आणि मुद्रेचा डाग होईल; घ्यायची तर दंडावर, तळहाताएवढी घे. ज्याला फक्त गल्ला कळतो तो म्हणतो, ‘करून देतो की!’ कलाकार निवडण्याची माझी कसोटी हीच झाली आहे : नाही म्हणतो का? मी निरनिराळ्या स्टुडिओंत भाचीबरोबर खुर्च्या उबवल्या, आणि ‘सगळ्या स्टाइल करतो सर’ असं ऐकलं की आम्ही चहा संपवून उठायचो. पोर्ट्रेटवाल्याचा हात आणि डॉटवर्कवाल्याचा हात वेगळा असतो. सनईवाल्याला आपण कधी ‘तबला पण बघून घ्या’ म्हणत नाही.

इन्स्टाग्रामवर सगळेच थोर असतात. तिथला टॅटू काढून पाच मिनिटंच झालेली असतात; कातडी सुजलेली, शाई ओली, व्हॅसलीनची चकाकी आणि वर फिल्टर. त्या अवस्थेत माझी सहीसुद्धा कलाकृती दिसेल. बघायचा तो ‘हील्ड’ फोटो, म्हणजे खपली पडून गेल्यावरचा, वर्षभरानंतरचा. भाचीनं एका नामवंताला तसे फोटो मागितले, तर तो म्हणाला, ‘क्लायंट परत येत नाहीत.’ हे वाक्य त्यानं अभिमानानं का म्हटलं, ते आम्हाला जिना उतरेपर्यंत कळलं नाही.

गोव्याचा पर्याय मेव्हण्यांच्या पुतण्यानं सुचवला. तो स्वतः कळंगुटला मित्रांबरोबर गेला असताना टॅटू काढून आला होता, आणि संध्याकाळी त्याच हातानं समुद्रात उतरला होता. ताज्या टॅटूला ऊन आणि खारं पाणी दोन्ही वर्ज्य; गोव्यात या दोहोंखेरीज जे तिसरं मुबलक मिळतं ते घेऊन आलेल्या माणसाला कुठलाही बरा कलाकार सुई लावत नाही. पुतण्याच्या दंडावर वाघ आहे. तो वाघ आहे हे तो सांगतो. लेझरनं काढता येतो, पण बसण्या अनेक, खर्च टॅटूच्या कितीतरी पट, आणि हिरवा-पिवळा रंग जाता जात नाही. त्याऐवजी वरून मोठं काही काढून झाकायचं म्हटलं तर मूळ चित्राच्या दुप्पट-तिप्पट जागा लागते. सध्या तो पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतो आणि उकडत नाही म्हणतो.

हिंदी सिनेमानंही या बाबतीत आपल्याला नीट वळण लावलेलं नाही. ‘दीवार’मध्ये पोराच्या हातावर लोक जबरदस्तीनं वाक्य गोंदतात : गिऱ्हाइकाची संमती नाही, नमुना दाखवला नाही, मजकूर दुसऱ्याचा. ‘गजनी’तल्या नायकानं अंगभर टेलिफोन नंबर आणि कामाची यादी काढून घेतली. वाण्याची यादी तेवढी राहिली.

मुंबईत मात्र एक उत्तम सोय होती. सत्तरच्या दशकापासून तिथे टॅटू काढणारे डॉ. जंगू कोहियार हे पेशानं मानसोपचारतज्ज्ञ. एकाच माणसानं आधी ‘तुम्हाला हे खरंच हवंय का’ हे शास्त्रोक्त विचारायचं आणि मग सुई उचलायची, यापेक्षा आदर्श व्यवस्था मला सुचत नाही. प्रेयसीचं नाव गोंदवायला आलेल्यांसाठी तरी ती सक्तीची करावी.

शेवटी भाचीला मिळाली ती एक मितभाषी मुलगी. पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा स्टुडिओ, खाली झेरॉक्सचं दुकान. तिनं वॉटरकलरचं चित्र बघितलं, भाचीचा हात उजेडात धरला आणि ‘नाही दिसणार’ म्हणाली. पांढरी शाई या रंगावर पिवळट पडते. त्यापेक्षा पाकळ्या कोऱ्या ठेवू, सभोवती ठिपक्यांची सावली देऊ, म्हणजे तुझी कातडी हीच पाकळी. देठाला तेवढा गडद केशरी. मनगटाची घडी टाळून जरा वर घेऊ, तिथे रेघ फाटते. मी मनातल्या मनात तिला तिथेच मंजुरी दिली. मला कोणी विचारलं नव्हतं.

मग भाव. आपल्याकडे टॅटूचा दर स्क्वेअर इंचावर असतो, आणि हे कळताच ताईच्या सर्व शक्ती जागृत झाल्या. तोपर्यंत तिचा विरोध तात्त्विक होता : रक्त देता येणार नाही (टॅटूनंतर वर्षभर नाही घेत, हे खरं), सैन्यात घेणार नाहीत (भाची अकाउंट्समध्ये आहे). आता तो व्यवहारावर आला. फोन स्पीकरवर टाकून तिनं विचारलं, ‘लांबी गुणिले रुंदी धरता? मग पाकळ्यांच्या मध्ये जी कोरी जागा राहते तिचे पण पैसे? हे कार्पेट आहे की बिल्टअप?’ पलीकडे बराच वेळ शांतता. ‘काकू, पाकळ्या कोऱ्या ठेवणं हेच अवघड काम आहे,’ असं उत्तर आलं. ताईला ते पटलं नाही, पण आवडलं.

प्रत्यक्ष दिवशी मी बाजूच्या स्टुलावर. खुर्चीला आणि मशीनला फूड रॅप गुंडाळलेला, हातमोजे, सीलबंद पाकिटातली सुई आमच्यासमोर फोडली. हे बघायचंच, कारण जत्रेत एका सुईनं अख्ख्या गावाला गोंदायचे, आणि कावीळ गावात वाटून यायची. दाढीच्या साध्या रेझरनं हातावरची लव काढली. जांभळ्या स्टेन्सिलचा कागद दाबून उचलला, तर फूल जरा तिरकं बसलेलं. पुसलं, पुन्हा लावलं. भाची आरशात बघून म्हणाली, ‘थोडं डावीकडे.’ पुन्हा पुसलं. त्या मुलीच्या चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही.

मशीन सुरू झालं की डास कानाशी यावा तसा आवाज येतो. या यंत्राचं मूळ एडिसनच्या एका विजेच्या पेनात आहे. 1876 सालचं ते पेन कागदाला भोकं पाडून कचेरीतल्या पत्रांच्या प्रती काढायला बनवलं होतं. ते त्या कामाला फारसं चाललं नाही. 1891 साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीनं त्याच धर्तीवर गोंदायच्या मशीनचं पेटंट घेतलं. प्रती काढायचं काम खालच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलं, भोकं पाडायचं वर राहिलं. भाचीनं पहिल्या रेघेला माझं बोट धरलं, दुसऱ्या रेघेला सोडलं आणि तिसऱ्या रेघेला रील बघायला लागली. शाई आत गेली की शरीरातल्या पांढऱ्या पेशी ती परकी वस्तू म्हणून गिळतात आणि पचवता येत नाही म्हणून तशाच धरून बसतात; एक पेशी मेली की तिची शाई दुसरी ताब्यात घेते. शासकीय कामकाजाचं इतकं जिवंत दर्शन स्वतःच्या हातात व्हावं, यात मला तरी पैसे वसूल वाटले.

घरी आल्यावर उपचारांची स्पर्धा लागली. कलाकार मुलीनं दिलेल्या कागदावर स्पष्ट होतं : सौम्य साबण, दिलेलं मलम पातळसं, खाजवायचं नाही, खपली काढायची नाही, उन्हात नाही, पोहायला नाही. शेजारच्या काकूंनी हळद सुचवली. मेव्हण्यांनी साजूक तूप. आत्यानं कोरफड, आणि कागदावर ‘सौम्य’ बरोबर लिहिलंय अशी पावती. ताईनं कोणाचंच ऐकलं नाही. तिनं हात जवळ घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ बघितलं. मग अंगणात गेली, झाडाखालची फुलं ओंजळीत घेऊन आली आणि टेबलावर मांडून मोजायला लागली. भाची म्हणाली, ‘आई, काय चाललंय?’ ताई उत्तर न देता फोन लावत होती.

‘हॅलो, मी काकू बोलतेय. नाही, सूज वगैरे काही नाही, छान झालंय. एवढंच विचारायचं होतं, तुम्ही पाकळ्या पाच काढल्यात. आमच्या झाडाच्या फुलांना सहा येतात, कधी सात. मग दरात काही फरक?’